इंद्रभानच्या नावानं सोडलेला

४ जानेवारी १९६४, बोरटाकळी

आम्हा ग्रामसेवकांना सरकारी दैनंदिनी लिहावी लागते. सकाळी आठ ते दहा अमुक, दहा ते बारा तमुक, आणि महिनाअखेर ती पंचायत समितीत नेऊन गटविकास अधिकारी साहेबांची सही घ्यायची. त्या दैनंदिनीतला मी कधी दमत नाही, चिडत नाही, कुणाच्या ओट्यावर गप्पा छाटत बसत नाही. इतका सद्गुणी माणूस मला अजून भेटायचा आहे. म्हणून ही दुसरी वही आणली. हिच्यावर कुणाची सही लागत नाही.

उंद्रीहून चार मैल गाडीवाट, मग बोरटाकळी. मी साताऱ्याकडचा. पाच महिन्यांपूर्वी आलो तेव्हा इथलं 'काऊन' आणि 'मले-तुले' ऐकून तोंड फिरवून हसायचो. परवा आईला पत्रात 'काऊन' लिहिलं आणि खोडलं.

जेवण रंगरावजींच्या घरी. हा माणूस दिवसात मोजून चार शब्द बोलतो. त्याच्या वाटणीचे बाकीचे शब्द कौशल्याबाई वापरतात. एकच मुलगा होता, इंद्रभान. पाच वर्षांपूर्वी विषमज्वरानं गेला. वय एकोणीस, लग्न पंधरा दिवसांवर आलेलं. हे बाईंनी मला पहिल्याच दिवशी, भाकरी वाढता वाढता सांगितलं आणि त्याच आवाजात विचारलं, "वरन अजून देऊ का?"

सकाळी मी चहाला जातो तेव्हा दारात मोठा तांबडा वळू उभा असतो. कपाळावर पांढरा टिळा, मागच्या मांडीवर त्रिशूळाचा डाग. बाई आधी त्याला भाकरी देतात, मग मला चहा. इंद्रभानच्या तेराव्याला गोऱ्हा सोडला होता, तोच हा. इकडं माणूस बिनलग्नाचा गेला की त्याच्या नावानं गोऱ्हा सोडतात म्हणे. तेव्हापासून तो कुणाचाच नाही, देवाचा. कुणाच्याही शेतात शिरला तरी कुणी काठी उगारत नाही. भोळी समजूत, पण कुणाचं त्यात वाईट नाही. मात्र चहा दुसऱ्या नंबरावर मिळतो हे मला थोडं लागतं.

९ जानेवारी

पंचायत समितीची मासिक सभा. सोनखताचे खड्डे: उद्दिष्ट चाळीस, झाले एकोणीस. बिनधुराच्या चुली: उद्दिष्ट पंचवीस, झाल्या सात, त्यांतल्या तीन बायकांनी फोडून टाकल्या (हे सांगितलं नाही). सगळ्यांदेखत बोलणी खाल्ली.

मग पशुसंवर्धनाच्या विस्तार अधिकारी साहेबांनी नवी योजना वाचली. निवडक तीन गावांना सरकारकडून गीर जातीचा वळू मिळणार. इथल्या गायी शेर-दीड शेर दूध देतात, गीरची पैदास चार-पाच शेर देईल. मग दूध सोसायटी, मग चिखलीला रोज गाडी. अट एवढीच की गावातले सगळे गावठी वळू आणि दीड वर्षावरचे गोऱ्हे आधी खच्ची झाले पाहिजेत, आणि पुढंही जन्मणाऱ्या प्रत्येक गोऱ्ह्याची नोंद ग्रामसेवकानं ठेवली पाहिजे. नाहीतर चांगल्या बियाण्यात तण.

मी हात वर केला. खड्डे आणि चुली गेल्या खड्ड्यात, बोरटाकळीला गीर आणून दाखवतो. परतताना सायकल नुसती उडत होती.

१२ जानेवारी

अर्जासोबत आकडेवारी हवी: गावठी वळूपासून गेल्या दोन वर्षांत किती वासरं झाली, कुणाच्या घरी, नर किती, मादी किती. मला वाटलं होतं, घरोघर फिरण्यात आठवडा जाणार. सहज जेवताना कौशल्याबाईंना विचारलं, तर बाईंनी परात बाजूला सारली आणि माझ्यासमोर बसल्या.

"लिवा," म्हणाल्या.

आणि बोलतच गेल्या. पहिलं किसनराव सरपंचांच्या कपिलेचं, आखाडातलं, पावसाची सर ओसरल्यावर झालेलं. दुसरं शालिग्रामकडं, मागचे पाय आधी आले होते, मोठ्या मुश्किलीनं निघालं. सोजराबाईची कालवड, तिचा टिळा जरा वाकडा. बौद्धवाड्यात जानरावकडं एक झालं ते पाचव्या दिवशी गेलं, पण "गेलं तरी ते बी लिवा, भाऊ. झालं तं होतं ना." तेवीस वासरं. अकरा गोऱ्हे, बारा कालवडी. घर, महिना, रंग, टिळा, सगळं तोंडपाठ.

"तुम्ही प्रत्येक ठिकाणी गेला होता?"

"मंग? गूळ नेल्याबिगर कसं चालंन? गाय याली का गूळ घेऊन जा लागते."

"बौद्धवाड्यातही?"

"लोकं बोल्ले. बोलू द्या. लेकरू जिथं जलमलं तिथं नाई जा का मानूस?"

लिहून झाल्यावर त्यांनी मला आकडा पुन्हा वाचायला लावला. तेवीस म्हटल्यावर पदरानं तोंड पुसलं आणि दोनदा स्वतःशीच म्हणाल्या, "तेवीस. तेवीस झाले." चेहरा असा उजळला होता की मलाच बरं वाटलं. एरवी या बाईंचं कौतुक कोण करतं! बाईंची स्मरणशक्ती अचाट आहे. जनगणनेला यांनाच नेमायला हवं होतं.

१३ जानेवारी

अहवाल लिहिला. 'सदर गावठी वळूपासून एकाच गावात दोन वर्षांत तेवीस वासरांची निकृष्ट पैदास झाली असून तातडीची कार्यवाही आवश्यक आहे.' वाक्य जमून आलंय. मंजुरी मिळणार.

२१ जानेवारी

बोरटाकळीची निवड झाली! सरपंचांनी पेढे वाटले.

प्रत्येक जनावरासाठी एक छापील फॉर्म आहे. मालकाचं नाव, जनावराचं वर्णन, मालकाची संमती. गोऱ्ह्यांच्या मालकांचे अंगठे दोन दिवसांत झाले; चार शेर दूध म्हटल्यावर कोण नाही म्हणतो? राहिला तो तांबडा वळू. संध्याकाळी रंगरावजींच्या ओट्यावर गेलो. ते दोरी वळत होते.

योजना समजावून सांगितली. चिमट्यानं करतात, दगडानं ठेचत नाहीत, रक्ताचा थेंब निघत नाही, तासाभरात जनावर चरायला मोकळं. ते ऐकत होते. मग विचारलं, "रंगरावजी, हा वळू तुमचा आहे का?"

दोरी वळायची थांबली. बाई आतून दारात येऊन उभ्या राहिल्या.

मी समजावलं, "हरकत असेल तर तसं सांगा. तुमचा असेल तर तुमच्या संमतीशिवाय कुणी हात लावणार नाही. फॉर्मवरच तसं छापलंय. नुसतं 'माझा' म्हणा, मी तसं लिहितो."

"कसा म्हनू?" रंगरावजी म्हणाले. "सोडला ना मी त्याले."

"मग तुमचा नाही?"

त्यांनी मान हलवली. नाही.

बाई म्हणाल्या, "अवो, म्हना ना."

रंगरावजी त्यांच्याकडं वळले. "पोराच्या नावानं पानी सोडलं हातावर. आता माझा म्हनू? देल्लेलं वापस घेऊ त्याच्यापासून?"

बाई आत गेल्या. मी मालकाच्या रकान्यात 'बेवारस' लिहिलं आणि संमतीच्या रकान्यात 'लागू नाही'. माझं काम सोपं झालं. खरं तर नवरा-बायकोत कसला तरी जुना वाद असावा, मी उगाच मध्ये सापडलो. आज वरणात मीठ नव्हतं.

२८ जानेवारी

मोहीम पार पडली. पशुसंवर्धनाचे साहेब, दोन कंपाउंडर, चार चिमटे. चावडीपुढं मैदानात सकाळी आठला सुरुवात. सातआठ गोऱ्हे झपाझप झाले. पोरं झाडावर चढून बघत होती, जत्रा भरल्यासारखं गाव जमलं होतं.

तांबडा मात्र हाती लागेना. लोक दोर टाकायलाच तयार नव्हते. सरपंच किसनरावसुद्धा म्हणाले, "भाऊ, देवाचा हाये तो, दुसऱ्या गाववाल्याले बोलवा." शेवटी कंपाउंडरांनी आणि समितीच्या दोन शिपायांनी फास टाकला. तो पडेना, दोर ओढत रंगरावजींच्या दारापर्यंत गेला आणि तिथं उभा राहिला, रोजच्या जागी. तिथंच त्याला पाडला.

दार बंद होतं. आतून कडी होती.

काम पाच मिनिटांचं. ओरडला तो एकदाच. मी पुस्तकात वाचलं होतं की वेदना क्षणिक असते. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली, म्हणाले, "शंभर टक्के काम करणारं पहिलं गाव." सरकारी दैनंदिनीत आजचं पान भरगच्च आहे.

संध्याकाळी जेवायला गेलो. ताट वाढून ठेवलं होतं, झाकलेलं. बाई समोर आल्या नाहीत.

२९ जानेवारी

सकाळी तो दारात आला. मागचे पाय फाकवून, हळूहळू. बाईंनी भाकरी दिली. हात त्याच्या कपाळावर, टिळ्यावर ठेवला आणि तशाच उभ्या राहिल्या. मी म्हणालो, "बघा, काही झालं नाही त्याला. दोन दिवसांत सूज उतरेल."

बाई म्हणाल्या, "हाव."

मला आज चहा आधी मिळाला असता तरी चाललं नसतं. का कोण जाणे, प्यावासाच वाटला नाही.

११ फेब्रुवारी

कौशल्याबाई बोलत नाहीत. रागावल्यात असं नाही. ताटात भाकरी पडते, कालवणावर तेल जास्तच पडतं, मी खोकलो तर हळदीचं दूध येतं. पण बोलणं नाही. एवढी बोलणारी बाई! रंगरावजी आणि त्या एकाच घरात दोन मुके झालेत आणि मधे मी ताटावर बसून भुरके मारतोय.

जनावर जिवंत आहे, चालतंय, खातंय. मग एवढं दुःख कसलं? मला खरंच कळत नाही. विचारायची हिंमत होत नाही.

१ मार्च

गीर वळू आला. ट्रकमधून उतरवला तेव्हा सगळं गाव बघत राहिलं. काय देखणं जनावर! लांब कान, घुमटासारखं कपाळ. सभापती आले, भाषणं झाली, माझं नाव दोनदा घेतलं गेलं.

वळूला ओवाळायला महिला मंडळाच्या बायका हव्यात, असं सभापतींच्या माणसानं सांगितलं. गावात पाहुण्याला ओवाळायचं म्हटलं की कौशल्याबाई पुढं असतात, म्हणून कुणीतरी त्यांनाच बोलावून आणलं. मला वाटलं, येणार नाहीत. आल्या. आरतीचं ताट हातात, डोक्यावर नीट पदर. गीरच्या कपाळाला कुंकू लावलं, ओवाळलं. मग माझ्याकडं वळून विचारलं. महिन्यानंतर पहिलं वाक्य.

"भाऊ, हा कोनाच्या नावाचा हाये?"

मी म्हणालो, "कुणाच्या नावाचा नाही बाई. सरकारचा आहे."

त्यांनी मान डोलावली. ताटातल्या अक्षता खाली सांडल्या होत्या त्या वाकून वेचत बसल्या. एवढ्या गर्दीत, एकेक दाणा. मला व्यासपीठावरून ओरडावंसं वाटलं की उठा, राहू द्या. ओरडलो नाही. फोटो काढणारा माणूस त्यांना बाजूला व्हा म्हणत होता.

१९ एप्रिल

आज शालिग्रामच्या उसाच्या तुकड्यात तांबडा शिरला आणि शालिग्रामनं त्याला खिळा लावलेल्या तुतारीच्या काठीनं टोचून हाकलला. पाठीवर रक्त. मी म्हणालो, "अरे, देवाचा ना तो?"

"तवा होता," शालिग्राम म्हणाला. "आता कायचा देवाचा? खच्ची बैल हाये तो, भाऊ. ना देवाचा, ना औताचा. फुकटचा खाऊन राह्यला."

आठवडाभर हेच चाललंय. पूर्वी ज्याच्या शेतात शिरेल तो हात जोडायचा. आता पोरंसुद्धा दगड मारतात. सकाळी दारात येतो तो ओल्या जखमा घेऊन. बाई हळद लावतात. रंगरावजी गोठ्यात जाऊन बसतात, बाहेर येत नाहीत. आपला म्हणून बांधून घेता येत नाही त्यांना, आणि लोकांना मारू नका म्हणायचा हक्क नाही. बेवारस. माझ्याच अक्षरात.

योजना वाईट नव्हती. आजही म्हणतो, वाईट नव्हती.

२२ मे

चार दिवस झाले, तांबडा दारात आलेला नाही.

रंगरावजी पहिल्या दिवशीच निघाले होते. पायात वहाणा, खांद्यावर घोंगडी, कुणाला काही न सांगता. उंद्रीपर्यंत गेले, तिथून डोंगर उतरून पार पिंपळगाव राजाकडं. आज परत आले. टाचा फुटलेल्या. ओट्यावर बसले आणि मी पाणी दिलं.

"दिसला?"

मान हलवली.

"विचारलंत लोकांना?"

"इचारलं. तांबडा सांड पाह्यला का म्हनलं. थे म्हनत, सांड नाई, एक बैल दिसला होता. कोनाचा हाये म्हनत." मग म्हणाले, "काय सांगू त्यायले?"

आणि तो माणूस माझ्यासमोर रडायला लागला. आवाज नाही, फक्त खांदे. आजवर त्यांच्याकडून ऐकलेलं हे सर्वांत लांब बोलणं. मी तांब्या धरून उभा होतो. कौशल्याबाई आतून आल्या, त्यांच्या पायांपाशी बसल्या आणि फुटलेल्या टाचांना खोबरेल लावू लागल्या.

बाहेर दगडावर तांबड्यासाठी ठेवलेली आजची भाकरी तशीच होती. चार दिवसांच्या चार.

१४ जून

बौद्धवाड्यात विहिरीच्या कामाला गेलो होतो. जानराव हे तिथले जाणते. चौथी शिकलेले, वर्तमानपत्र मागवून वाचतात, समितीचा कुठलाही कागद आला की आधी पूर्ण वाचतात आणि मगच अंगठा नाही, सही करतात. काम संपल्यावर त्यांनी मला थांबवलं.

"साहेब, एक इचारू का? राग येऊ देऊ नका. त्या कागदावर तुमी बेवारस लिवलं म्हने."

"मालक नव्हता."

"मालक नव्हता. पन बेवारस नव्हता तो. त्याचा वारसा होता म्हनूनच सोडला होता." ते शांतपणे बोलत होते, शिकवणीला आलेल्या मुलाशी बोलावं तसे. "इंद्रभान बिनलग्नाचा गेला. त्याचं पुढं काय राह्यलं? काई नाई. म्हनून गोऱ्हा सोडते लोकं. त्याचे वासरं होतीन, ते त्याच्या नावानं. आमी हे मानत नाई आता, आमचा धर्म दुसरा. पन ती माय गूळ घेऊन आमच्या वाड्यात आली ना साहेब, आमच्या गाईच्या वासरासाठी, तवा माह्या घरवालीनं, पंचफुलानं, तिले पाटावर बसवलं. नातवंडं पाहाले आली होती ती. तुमाले नाई समजलं?"

नाही समजलं. तेवीस तोंडपाठ होती, तरी नाही समजलं. मी स्मरणशक्तीचं कौतुक केलं.

सायकल हातात धरून चालत आलो.

त्या बाईंनी मला आपली नातवंडं एकेक करून सांगितली आणि मी ती आरोपपत्रासारखी उतरवून घेतली. अकरा गोऱ्हे तर फॉर्मवर घरानिशी दिले. एकही सुटला नाही. दीड वर्षाचे झाले त्यांना जानेवारीतच चिमटा लागला, लहान राहिले त्यांची नोंद पुढच्या यादीत माझ्याच हातानं चढली. पोराचं नाव पुढं चालवील असं एक जनावर गावात ठेवलं नाही मी. शंभर टक्के.

१५ जून

आज जाऊन बोललो. चुलीपाशी बसल्या होत्या. मी खाली बसलो आणि म्हणालो, "बाई, माझं चुकलं. मला माहीत नव्हतं." आणखी बरंच बोलायचं ठरवलं होतं, त्यातलं एवढंच निघालं.

त्या भाकरी थापतच राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमचं काय चुकलं, भाऊ? तुमी परके. म्याच तं मोजून देल्ले."

"तसं म्हणू नका."

"मोजा नोको होते म्या. माय म्हने माही, लेकराईले मोजू नाई, नजर लागते. म्या तोऱ्यात मोजले. तेवीस म्हनून हासली मी." भाकरी तव्यावर टाकली. "तुमी बसा. गरम हाये, खाऊन घ्या."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दोष उचलून स्वतःच्या पदरात घातला आणि मला वाढलं. मी जेवलो. न जेवता उठलो असतो तर त्यांना आणखी वाईट वाटलं असतं.

बदलीचा अर्ज लिहिला. पाठवला नाही. पळून जाऊन कुणाचं काय भरून येणार?

५ सप्टेंबर

पोळा. गावचे बैल शिंगं रंगवून, झुली घालून तोरणाखाली. रंगरावजींनी त्यांची जोडी शेजाऱ्याच्या हाती दिली आणि स्वतः घरीच राहिले.

सोसायटीच्या कामासाठी चिखलीला गेलो होतो असं सरकारी दैनंदिनीत लिहिलं. गेलो नव्हतो. दिवसभर त्यांच्या ओट्यावर बसून होतो.

२७ सप्टेंबर

जानराव स्वतः खोलीवर आले. दार लावून घेतलं आणि म्हणाले, पंचफुलाची गाय गाभण आहे, दिवाळीच्या आगेमागे व्यायची. मी म्हणालो, गीरची?

"गीर मार्चात आला, साहेब. हिशेब करा. चिमटा लागायच्या आठ दिवस आधी तांबडा आमच्या वाड्यात होता. पंचफुलानं पाह्यलं."

मी उठून उभा राहिलो. शेवटचं एक. गोऱ्हा झाला तर...

"गोऱ्हा झाला तं नोंद करा लागंन तुमाले," जानराव माझ्याकडं रोखून बघत म्हणाले. "मंग दीड वर्षानं चिमटा."

"बाईंना माहीत आहे?"

"तिले काई सांगा लागते का? श्रावनापासून आमच्या वाटेनं येनं बंद केलं तिनं. तवाच समजलो मी, तिले ठाऊक हाये."

मला याचा अर्थ लागला नाही. ठाऊक असेल तर उलट रोज यायला हवं त्यांनी.

१८ ऑक्टोबर

रोज कुठल्या ना कुठल्या निमित्तानं बौद्धवाड्यात चक्कर टाकतो. गाय जड झालीये. पंचफुलाबाई हसतात, म्हणतात, "साहेब, एवढी काळजी तं बापाले बी नसते." हसण्यावारी नेतो. देवाला नवस बोलायची मला सवय नाही, पण काल बोललो. इतक्या उशिरा बोललेला नवस पोचतो का, माहीत नाही.

गीरची पहिली वासरं डिसेंबरात येतील. साहेबांनी बक्षिसासाठी माझं नाव सुचवलंय.

३० ऑक्टोबर

सकाळी जानरावांचा निरोप आला. गेलो. गोठ्याचं कवाड लोटून घेऊन त्यांनी मला आत नेलं. पंचफुलाबाई गाईची पाठ चोळत होत्या. वासरू अंग वाळवून उभं राहायची खटपट करत होतं. तिसऱ्यांदा उभं राहिलं. मी वाकून पाहिलं, जानरावांनी माझ्याकडं पाहिलं. मग मला रडू आलं आणि पंचफुलाबाईंनी गाईला घालायला आणलेल्या गुळातला खडा माझ्या हातावर ठेवला.

तसाच धावत रंगरावजींच्या घरी गेलो. पळत गेलो तर लोक बघतील एवढंही भान नव्हतं. कौशल्याबाई अंगणात धान्य पाखडत होत्या. मी तोंड उघडलं आणि त्यांनी सूप खाली टाकून हात वर केला.

"सांगू नोका."

"अहो बाई, पंचफुलाबाईंची गाय..."

"मालूम हाये मले. काय झालं ते सांगू नोका." हात तसाच वर होता. "जितं हाये?"

"हो."

"उभं राह्यलं?"

"राहिलं. तिसऱ्यांदा राहिलं."

त्यांनी डोळे मिटले. मग उघडून म्हणाल्या, "मंग बस झालं."

"चला ना माझ्यासोबत. चार पावलं आहेत. गूळ घ्या, आपण..."

"म्या गेली तं गावाले समजंन ते कोनाचं हाये." त्या माझ्याजवळ आल्या. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी माझ्या डोळ्यांत पाहिलं. "भाऊ, म्या पाह्यलं का मोजते. मोजलं का तोंडातून निंघते. तुमच्या कागदावर जाते. मी नाई येत. कंदीच नाई येत. जलमभर पाहाची नाई मी त्याले, पन राहू द्या. तेवढं एक राहू द्या. लिवू नोका कुठीच."

"नाही लिहिणार."

"शपथ घ्या."

मी त्यांच्या पायाला हात लावून शपथ घेतली. रंगरावजी गोठ्याच्या दारात उभे होते, त्यांनी सगळं ऐकलं असावं. ते आत गेले. बाईंनी सूप उचललं, बौद्धवाड्याच्या दिशेला पाठ करून बसल्या आणि पाखडू लागल्या. मी बराच वेळ तिथं होतो. त्यांनी एकदाही मागं वळून पाहिलं नाही.

सरकारी दैनंदिनीत आजच्या तारखेला लिहिलं: सकाळी आठ ते बारा, सोनखताच्या खड्ड्यांची पाहणी. जन्मनोंदीची वही उघडलीच नाही.

पंचफुलाबाईंची गाय आज व्याली. वासरू उभं राहिलं. ते काय आहे ते मी इथंही लिहीत नाही.